पाचवं बोट

खोटं बोलायचं मला काही वावडं नाही. आदल्या दिवशीची कोळंबी आजची म्हणून विकण्यात माझी चाळीस वर्षं गेली. गिऱ्हाईकही काही कमी नसतं, वास घेतं, नाक मुरडतं, आणि दोन रुपये पाडून घेऊन जातंच. ते खोटं दोघांनाही ठाऊक असतं, त्याचं ओझं होत नाही. पण इस्पितळात त्या भुलीच्या डॉक्टरीणबाईंसमोर मी जे बोलले ते निराळं. त्याबद्दल मला आता कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

माझं नाव नूकालम्मा. किनाऱ्यावरच्या आमच्या वस्तीत सगळे नूकालू म्हणतात. नवरा समुद्रात गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. पोरबाळ नाही. माझं म्हणावं असं माणूस एकच, बंगारम्मा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. लग्न होऊन दोघी एकाच गल्लीत आलो, एकाच बाजारात पाट्या वाहिल्या, सासवा एकमेकींशी भांडायच्या आणि आम्ही मागच्या दारानं एकमेकींना मीठ-मिरची पुरवायचो. तिला एक मुलगा, देमुडू. शहरात बंदरावर क्रेन चालवतो. मला तो पिन्नी म्हणतो, सख्खी मावशी लागत नसले तरी.

आणि आमचा चुट्टा. तंबाखूच्या पानाची बोटाएवढी जाड विडी. पुरुष ती सरळ ओढतात, आम्ही बायका पेटतं टोक तोंडात ठेवतो. परक्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग आपल्याच ओठांना हात लावून बघतो. अरे बाबा, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात सरळ चुट्टा टिकतो होय? मासे निवडताना दोन्ही हात खवल्यांनी भरलेले, आणि सुकटीवर राख पडली की व्यापारी आईमाई काढतो. टोक तोंडात असलं की वारा लागत नाही, हात मोकळे राहतात, एक चुट्टा दोन तास पुरतो. आम्हाला सासवांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सासवांनी. संध्याकाळी काम आटोपलं की पालथ्या घातलेल्या नावेच्या आडोशाला आम्ही दोघी बसायचो. तोंडं मिटलेली, नाकातून धूर. तोंडात निखारा असताना बोलणार काय? तासभर गप्प बसून आम्ही उठायचो आणि मला वाटायचं, आज पोटभर बोलणं झालं. तसं दुसऱ्या कोणाशी मला कधी जमलं नाही.

देमुडूनं लग्न केलं ते प्रार्थनाघरातल्या मुलीशी, प्रशांतीशी. पोरगी चांगली आहे, उगाच कशाला नावं ठेवू. त्याचं नाव दानियेलू झालं, पण माझ्या जिभेला ते वळत नाही, मी देमुडूच म्हणते. त्याच्यामागून अक्काही दर रविवारी जायला लागली. दोन वर्षांपूर्वी तिथं सगळ्यांसमोर उभी राहून तिनं सांगितलं की, मी चुट्टा समुद्रात टाकून दिला, पुन्हा शिवणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देमुडू रडला म्हणे. तो रडला हे ती मला सांगत होती तेव्हा काडी ओढून चुट्टा पेटवत होती.

"अगं, मग हे काय?" मी विचारलं.

"पोराला किती आनंद झाला होता. आता शब्द मागं कसा घेऊ?" असं म्हणून तिनं पेटतं टोक आत घातलं. "आणि तोंडात गेल्यावर दिसतो कोणाला?"

देमुडूला थोडा संशय होता. एकदा माझ्या अंगणात उभा राहून म्हणाला होता, "पिन्नी, आई जर अजून ओढत असेल ना, तर एक दिवस इथं ठेवणार नाही तिला. उचलून घरी नेईन. आणि मग या किनाऱ्याचं तोंडसुद्धा बघू देणार नाही." किनारा म्हणजे कोण, ते मला कळलं. मी काही दूधखुळी नाही.

गेल्या वर्षी अक्काला अन्न पचेना. आधी मासे बंद झाले, मग भात, मग नाचणीची आंबीलसुद्धा दोन तासांनी उलटून पडायची. मांड्यांची नुसती काठी झाली. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नळी घालून बघितलं. जुन्या जखमेनं पोटाचं खालचं तोंड आवळून गेलं होतं, अन्न पुढं सरकायला वाटच नव्हती. पोट उघडून नवी वाट करायला लागेल असं सांगितलं. देमुडूनं रजा काढली. बाईमाणसाच्या वॉर्डात रात्रंदिवस राहायला बाई हवी, प्रशांतीचं मूल अंगावर पिणारं, म्हणून मी गेले. कोणी बोलावलं नसतं तरी गेलेच असते.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव हिमबिंदू. वयानं आमच्या बाजारातल्या पोरींएवढी, पण विचारायची पद्धत फौजदाराची. अक्काच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. देमुडू पायथ्याशी उभा, मी उशाशी.

"जिने किती चढता, अम्मा?"

"आमच्याकडं जिने कुठले?" अक्का म्हणाली.

"मग पाटी घेऊन किती चालता?"

"बाजारापर्यंत," मी मध्येच बोलले. "तीन मैल. डोक्यावर तीस किलो." ते खरं होतं, पण पाच वर्षांपूर्वीचं. अलीकडं ती रिकाम्या हातांनीही वाटेतल्या चिंचेच्या झाडापाशी बसायची आणि मासळी तडफडावी तसा श्वास घ्यायची. ते मी सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी अक्काला तोंड उघडायला लावलं. बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिल्या. आमच्या सगळ्याजणींची टाळू तशीच असते, पांढरट, भेगाळलेली, मधूनमधून लाल ठिपके. हिमबिंदूबाई लांबच्या, कडप्याकडच्या. त्यांनी असलं तोंड पाहिलं नसावं.

"ही टाळू अशी का झाली?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं.

"आंबील कढत पिते हो," मी म्हटलं. "कितीदा सांगितलं, निवू दे. ऐकेल तर शपथ."

"विडी, सिगारेट, चिरूट? काहीही? हे बघा, मी रागावायला विचारत नाही." त्यांनी आपला डावा हात वर धरला आणि एकेक बोट मिटत गेल्या. "वय पासष्टच्या वर, हे एक. अंगात मांस उरलेलं नाही, रक्तातली ताकद गेलेली, हे दोन. चीर बेंबीच्या वर, बरगड्यांच्या जवळ, म्हणजे श्वास घेताना दुखणार आणि खोकताना तर जास्तच, हे तीन. ऑपरेशन तीन तासांचं, हे चार. चार गोष्टी मी सांभाळून घेईन. पण त्यात धूर असेल तर पाचवी झाली. मग मी आठवडाभरात नाही करणार. महिना-दीड महिना थांबू. तोवर नळीतून ताकदीचं देऊ, फुप्फुसं जरा मोकळी होतील, खोकायची सवय लावू. पोट दुरुस्त होतं हो, अम्मा. माणूस नंतर छातीनं जातो. म्हणून विचारते."

हात तसाच होता. चार बोटं मिटलेली, अंगठा उघडा.

आता खरं सांगायचं तर त्या वेळी मला सगळं कळलं होतं. मला समजलं नव्हतं, अडाणी बाई, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. पण देमुडू तिथं उभा होता आणि त्याचं लक्ष आईकडं नव्हतं, माझ्याकडं होतं. अक्काची बोटं चादरीखालून माझ्या मनगटावर आली आणि तिनं दाबलं. सांगू नकोस. आणि मला दिसलं ते एवढंच की मी 'हो' म्हटलं, तर हिला हा घेऊन जाईल. महिना नळी, मग ऑपरेशन, मग त्याचं घर, आणि नावेच्या आडोशाला मी एकटी. अक्काच्या अब्रूसाठी गप्प राहिले असं मी पुष्कळ दिवस मनाला सांगितलं. ते अर्धं खरं. अर्धं असं की मला एकटं राहायचं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "शिवत नाही ती."

अंगठा मिटला नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. बुधवारी दुपारी अक्का मला म्हणाली, "नूकालू, मला जरा उन्हात ने." इस्पितळाच्या मागं चादरी वाळत घालतात तिथं आम्ही गेलो. ती भिंतीला टेकून बसली आणि हात पुढं केला. माझ्या कनवटीला दोन चुट्टे होते, हे तिला न सांगता ठाऊक होतं.

"अगं, उद्या पोट फाडणार आहेत तुझं."

"म्हणूनच. घाबरलेय मी. दे."

मी दिला. स्वतःही पेटवला. ओल्या चादरींच्या मागं आम्ही तासभर बसलो. मधूनच ती खोकायची, ओला, खोलवरचा खोकला, आणि टोक सांभाळत हसायची. मला तेव्हा इतकं बरं वाटत होतं की सांगायची लाज वाटते.

ऑपरेशन नीट झालं. सर्जननं देमुडूचा हात हातात घेतला, नवी वाट झाली म्हणाले. पहिल्या दिवशी अक्का गुंगीतच होती. दुसऱ्या दिवशी एक पोरगी आली, व्यायाम करवून घेणारी, तिनं तीन निळ्या गोळ्यांचं एक खेळणं दिलं. नळीतून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. अक्कानं ओढलं तर एक गोळी जागची थरथरली आणि बसली.

"उशी पोटाशी घट्ट धरा आणि खोका, अम्मा. जोरात."

अक्कानं उशी धरली, तोंड उघडलं, आणि तिचे डोळे पांढरे झाले. "नको गं. उसवेल सगळं."

"दमलीय ती. पडू द्या," देमुडू म्हणाला. पोरगी दोनदा सांगून गेली, पुढच्या खाटेला गेली. मीही म्हटलं, पडू द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंग भाजत होतं. दुपारपर्यंत श्वास कुत्र्यासारखा, वरचेवर, आखूड. एक शब्द बोलायला दोन श्वास. नखं जांभळट. बोटाला चिमटा लावून आकडा बघायचे आणि एकमेकांकडं बघायचे. डॉक्टर आले, गेले. कोणी म्हणालं हृदय दमलंय, कोणी म्हणालं पायातली गुठळी वर गेली असेल. ऑक्सिजन वाढवला तर ती आणखीच गुंगीत जायला लागली. आणि त्याच वेळी भेटीची वेळ झाली म्हणून प्रार्थनाघरातली पाच-सहा माणसं आली. खाटेभोवती उभं राहून त्यांनी डोळे मिटले. त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "प्रभो, या तुझ्या लेकरानं तुझ्यासाठी वाईट सवय सोडली, तिच्याकडं बघ." अक्काचे डोळे अर्धे उघडे होते. तिला ऐकू जात होतं.

हिमबिंदूबाई धावत आल्या. छातीला नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बघून विचारलं. देमुडूकडं नाही, माझ्याकडं.

"आतून शिट्ट्या वाजतायत. मला हिचा जुना हिशोब कळत नाहीये, आणि वेळ नाही. मला कोणी काही सांगायचं राहिलंय का?"

त्या माणसांनी डोळे उघडले. देमुडू माझ्याकडं बघायला लागला. अक्काचा हात माझ्या हातात होता, आणि तिनं पुन्हा दाबला. या खेपेला ताकद नव्हती, नुसती बोटं हलली. पण मला समजलं.

वाटलं, अजून गप्प बसावं. मेली तर चांगली म्हणून मरेल, सगळ्यांसमोर, पोराच्या नजरेत. आणि मला कोणी काही म्हणणार नाही. मग मी तिच्या नाकपुड्यांकडं बघितलं. प्रत्येक श्वासाला त्या फुगत होत्या, आणि मानेची शीर आत ओढली जात होती. म्हटलं, जाऊ दे सगळं मसणात.

"पन्नास वर्षं ओढतेय," मी म्हटलं. "चुट्टा. पेटतं टोक तोंडात ठेवून. आंबिलीनं नाही झालं ते टाळूचं. सोडला नव्हता कधी. बुधवारी दुपारीसुद्धा ओढला, मीच दिला. आणि तीन मैल चालत नाही ती, तीनशे पावलांत बसते. दोन वर्षं झाली."

प्रार्थनाघरातल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. हिमबिंदूबाईंच्या चेहऱ्यावर राग आला आणि त्यांनी तो गिळला, मी बघितलं. "शहाण्या बाई," एवढंच म्हणाल्या, आणि लगेच वळून नर्सला भराभर सांगायला लागल्या. ऑक्सिजन कमी करा, वाफेचं औषध लावा, वर बेड बघा, मास्कचं मशीन मोकळं आहे का बघा. धुरानं जुनी झालेली छाती असली की ऑक्सिजन बेतानं द्यायला लागतो, असं मला नंतर कळलं.

खाट ढकलत नेली तेव्हा अक्कानं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. अंगात एवढं त्राण नव्हतं तिच्या, तरी काढून घेतला.

चार दिवस ती वरच्या मजल्यावर मशीनवर होती. दिवसातून दोनदा मला आत घ्यायचे, कारण खोकवायला माणूस लागायचं आणि देमुडू आईला दुखवायला धजत नव्हता. त्या पोरीनं मला शिकवलं. मी अक्काच्या पाठीमागं खाटेवर बसायची, दोन्ही हातांनी तिच्या पोटावरची उशी आवळून धरायची, आणि पोरगी पाठीवर हाताची वाटी करून थापट्या मारायची. "खोक, अक्का," मी कानात म्हणायची. "शिव्या दे मला, पण खोक." ती थरथरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मग आतून काळपट, चिकट असं काहीतरी सुटायचं. एवढी वर्षं मी तिच्या शेजारी बसले, पण इतकी जवळ कधी बसले नव्हते. तिची पाठ माझ्या छातीला लागलेली असायची. बरगड्या मोजता येत होत्या. ती एकदाही मान वळवून माझ्याकडं बघायची नाही.

पाचव्या दिवशी मास्क निघाला. सहाव्या दिवशी तिनं दोन गोळ्या उचलल्या, एक खाली बसली आणि दुसरी वरच राहिली. हिमबिंदूबाई येऊन म्हणाल्या, "धोका टळला, अम्मा." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या दिवशी बोललात म्हणून वाचल्या. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच बोलला असतात तर एवढं झालंच नसतं. दोन्ही लक्षात ठेवा." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मी अक्काला भरवायला पेज नेली. तिनं चमचा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः खाल्लं.

"अक्का, बोल की काहीतरी."

तिनं पेज संपवली. वाटी खाली ठेवली. मग भिंतीकडं बघत म्हणाली, "सगळ्यांसमोर, नूकालू. त्यांना बाहेर तरी घालवायचं होतंस." मी म्हटलं, वेळ नव्हता गं. ती म्हणाली, "असेल." आणि कूस बदलली.

घरी सोडायच्या दिवशी देमुडूनं रिक्षा आणली. मी गाठोडं बांधून तयार होते. तो माझ्याजवळ आला. "पिन्नी, तू आता गावी जा. आई माझ्याकडं राहील." मग म्हणाला, "तू आधी खरं बोलली असतीस तर ती मरायला टेकली नसती. आणि आता बोललीस तर ती प्रार्थनाघरात पाऊल टाकत नाही म्हणते. मी तुझ्यावर रागवू तरी कशाबद्दल, तेच मला कळत नाही."

"दोन्हीबद्दल रागव," मी म्हटलं. "मला चालेल."

त्यानं मला बसच्या भाड्याचे पैसे दिले. मी घेतले नाहीत. रिक्षात अक्का समोर बघत बसली होती, पोटाशी उशी धरून.

गावी आले. त्यानंतर काय सांगू? मासे आले, मासे गेले. बाजारात बायका विचारायच्या, बंगारम्मा कशी आहे, मी म्हणायची बरी आहे. संध्याकाळी नावेच्या आडोशाला जाऊन बसले तर शेजारी एवढी जागा वाटायची की मधोमध सरकून बसले, तरी तीच गत. चुट्टा तोंडात धरला की आता नुसतं गप्प बसणं व्हायचं, बोलणं होईना. घरात आवाज म्हणून भांडी आपटायची मी. चूल विझली की दार लोटून आडवी व्हायची, तिन्हीसांजेलाच. कोणी हाक मारली तर उठायचं म्हणून कान उघडे ठेवायची. हाक मारणारं होतं कोण?

महिनाभरानं देमुडूला फोन केला. तो तुटकपणे म्हणाला, बरी आहे, जेवते, दोन वेळा भात. मी म्हटलं, येऊ का बघायला? तो म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय, ओढणाऱ्या माणसाच्या कपड्यांतला धूरसुद्धा तिला चालत नाही. म्हणजे येऊ नकोस असं सरळ न म्हणता म्हणाला. मी फोन ठेवला आणि कनवटीचे चुट्टे काढून चुलीत घातले. पहिले चार दिवस डोकं फुटायची वेळ आली, हात कापायचे, शेजारच्या पोराला उगाच बदडायला धावले. अकरा दिवस झाले. साडी दोनदा धुण्याच्या सोड्यानं धुतली, गोड्या पाण्यानं धुतली, उन्हात घातली. केस धुतले. कोणाच्या नावाची शपथ घेतली नाही, कोणापुढं उभी राहून सांगितलं नाही. बाराव्या दिवशी सकाळच्या बसनं शहरात गेले. हातात थोडी सुकट आणि तिला आवडतो तो ताडाचा गूळ.

देमुडूचं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या जिन्यावर मला धाप लागली. दुसऱ्यावर कठडा धरून उभी राहिले, डोळ्यांपुढं काजवे. तेव्हा कुठं मनात आलं, हिमबिंदूबाईंनी जिन्यांचं विचारलं होतं ते मला विचारलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं. थांबत थांबत वर गेले. दारापुढं उभं राहून आधी श्वास जागेवर आणला, तोंड पुसलं, आणि मग कडी वाजवली.

प्रशांतीनं दार उघडलं, कडेवर मूल. मला बघून तिला बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. "या, पिन्नी," म्हणाली, पण दारातून बाजूला झाली नाही.

"मी सोडलं गं," मी म्हटलं. "बारा दिवस झाले. वास घे हवा तर."

ती ओशाळली. "तसं नाही, पिन्नी. सासूबाई झोपल्यायत. आत्ताच डोळा लागला."

"बसते की मी. उठेपर्यंत."

मूल माझ्याकडं बघून हसलं. मी त्याच्या हातात गुळाची पुडी दिली, ते तोंडात घालायला लागलं, तिनं काढून घेतली. आतून भांड्याचा आवाज आला, मग खाटेची करकर. मग अक्काचा आवाज आला.

"प्रशांती, कोण आलंय दारात? नूकालू असेल तर सांग मी झोपलेय म्हणून, आणि ती गेली का ते बघ."

एवढं मोठं वाक्य तिनं एका दमात म्हटलं. कुठं थांबली नाही, आवाज फाटला नाही, खोकला नाही. आधी मला तेच जाणवलं. बोलली काय ते मागून कळलं.

प्रशांतीनं मान खाली घातली. मी सुकटीची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली, आणि तिला बोलू न देता मीच आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "गेली, अक्का."

मग जिना उतरले. उतरताना धाप लागत नाही.